वाचकांचे प्रश्न : घरच्या थिएटरसाठी सबवूफर निवडताना

घरगुती ध्वनियंत्रणेविषयी कोल्हापुरातील वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. सबवूफर म्हणजे फक्त खालचे, जाड सूर वाजवणारा स्पीकर; ५.१ रिसीव्हर म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांना आवाज वाटून देणारे यंत्र; आणि पोर्ट म्हणजे सबवूफरच्या पेटीला हवेसाठी ठेवलेले नळीसारखे तोंड. पहिल्या पत्रातील प्रश्न थोड्याफार फरकाने इतरांनीही विचारला असल्यामुळे त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. राजारामपुरीत आमचा फ्लॅट असून हॉल १५ फूट लांब, ११ फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच आहे. हॉलला दार आहे, स्वयंपाकघर वेगळे आहे. ५.१ रिसीव्हर आणि पाच लहान बुकशेल्फ स्पीकर घेऊन झाले आहेत. आता सबवूफर घ्यायचा आहे. जवळजवळ सारख्या किमतीचे दोन पर्याय समोर आहेत. एक १० इंची, मागे पोर्ट असलेला, ३०० वॅटचा; दुसरा १२ इंची, बंद पेटीचा, २०० वॅटचा. पहिल्याच्या माहितीपत्रकात ‘२५ हर्ट्झपर्यंत’ एवढेच छापले आहे, तर दुसऱ्याच्या पत्रकात ‘२८ हर्ट्झ, उणे ३ डेसिबल’ असे आहे. वॅट जास्त म्हणून पहिलाच घ्या, असे दुकानदार सांगतात. आम्ही चित्रपट पाहतो आणि रविवारी सकाळी गाणीही ऐकतो. मुलाला मात्र गणेशोत्सवातल्या डॉल्बीसारखा दणका हवा आहे. काय घ्यावे?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : आपली खोली आणि ऐकण्याची सवय पाहता आपण १२ इंची बंद पेटीचा सबवूफर घ्यावा, असे आम्ही सुचवतो. वॅट कमी असूनही असे का, ते नीट सांगितले पाहिजे, कारण दुकानात सर्वांत आधी तोच आकडा पुढे केला जातो.

ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केली, तर आवाजाची पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. आपल्यासमोर असलेला २०० आणि ३०० वॅटमधील फरक २ डेसिबलसुद्धा भरत नाही. शिवाय छापलेला आकडा आरएमएस आहे की पीएमपीओ, हे विचारून घ्या. आरएमएस आकड्यावरून ॲम्प्लिफायर सातत्याने किती शक्ती देऊ शकतो, हे कळते; पीएमपीओ हा जाहिरातीपुरता फुगवलेला आकडा आहे आणि तो मोजण्याची कोणतीही सर्वमान्य रीत नाही, म्हणून त्याकडे लक्षच देऊ नये. कोनचा, म्हणजे स्पीकरमध्ये पुढेमागे हलणाऱ्या शंकूसारख्या पडद्याचा, आकार मात्र खरोखर उपयोगी पडतो. खालचा सूर वाजवायचा म्हणजे भरपूर हवा ढकलावी लागते, आणि सूर एक सप्तक खाली उतरला की तितक्याच मोठ्या आवाजासाठी चौपट हवा हलवावी लागते. १२ इंची कोनचे क्षेत्रफळ १० इंची कोनच्या सुमारे १.४४ पट असल्यामुळे तेवढेच काम तो कमी पुढेमागे होऊन करतो, आणि कोनला जितके कमी ताणावे लागते तितका सूर स्वच्छ राहतो.

आता हर्ट्झविषयी. हर्ट्झ म्हणजे आवाजाची सेकंदाला होणारी कंपने, म्हणजेच वारंवारता; आकडा जितका लहान, तितका सूर खालचा. ‘२५ हर्ट्झपर्यंत’ हा आकडा आवाज किती डेसिबलने उतरलेला असताना घेतला आहे, हे सांगितले नसेल तर त्याला काही अर्थ उरत नाही. तोच आकडा उणे १० डेसिबलवर घेतला असेल, तर तो सबवूफर प्रत्यक्षात ३५ हर्ट्झच्या आसपासच थकू लागत असेल. दुसऱ्या कंपनीने उणे ३ डेसिबल असे स्पष्ट छापले आहे, आणि आमच्या मते असा प्रामाणिक २८ हर्ट्झ मोघम २५ हर्ट्झपेक्षा अधिक विश्वासार्ह आहे. काही उत्पादक आणि परीक्षक सीटीए-२०१० या मानकानुसार प्रत्येक वारंवारतेला, आवाजातील विकृती ठरावीक मर्यादेत ठेवून, जास्तीत जास्त किती आवाज निघतो याचे आकडे देतात. ते मिळाले, तर तुलना त्यांवरूनच करावी.

बंद पेटी की पोर्ट, हा यातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की आतली हवा एका ठरावीक सुरात घुमते. पोर्टच्या पेटीत नेमके हेच घडवून आणलेले असते. त्या सुराच्या आसपास बहुतेक काम पोर्टमधील हवा करते, कोनला फारसे हलावे लागत नाही, आणि त्याच ड्रायव्हरमधून (कोन आणि त्याला हलवणारी यंत्रणा) खोल आवाज अधिक मोठा मिळतो. मात्र त्या सुराच्या खाली गेल्यावर आवाज दर सप्तकाला सुमारे २४ डेसिबलने कोसळतो, तर बंद पेटीत तो सुमारे १२ डेसिबलने हळूहळू उतरतो. एसव्हीएस या अमेरिकी कंपनीचे एसबी-१००० प्रो आणि पीबी-१००० प्रो हे दोन सबवूफर शेजारी ठेवले की हे चांगले समजते. दोन्हींत १२ इंची ड्रायव्हर आणि ३२५ वॅट आरएमएसचा ॲम्प्लिफायर आहे. बंद पेटीचा सबवूफर २० हर्ट्झपर्यंत जातो, पोर्टचा १७ हर्ट्झपर्यंत, आणि त्यासाठी पोर्टची पेटी बरीच मोठी करावी लागली आहे. म्हणजे पोर्ट वाईट नाही, पण त्याला जागा लागते. लहान आणि स्वस्त पेटीत बसवलेला पोर्ट बहुधा वरच्या सुरावर जुळवलेला असतो, आणि मग प्रत्येक दृश्यात एकच सूर घुमत राहतो. मोठ्या आवाजात पोर्टमधून हवेची फुसफुसही ऐकू येते.

आपल्या हॉलला दार आहे, ही गोष्ट येथे निर्णायक ठरते. चारही बाजूंनी बंद असलेल्या लहान खोलीत अगदी खालच्या सुरांना खोलीच आधार देते, आणि हा आधार बंद पेटीच्या संथ उताराला बऱ्याच अंशी भरून काढतो. हॉल स्वयंपाकघराला किंवा जिन्याला मोकळा जोडलेला असता, तर हा आधार मिळाला नसता आणि आम्ही मोठ्या पेटीचा, पोर्ट असलेला सबवूफर सुचवला असता.

चिरंजीवांच्या इच्छेबद्दल इतकेच सांगतो की मिरवणुकीत छातीवर आदळणारा दणका मुख्यतः ५० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यातला असतो, फार खोलचा नसतो. घरात तो सबवूफर आणि पुढचे स्पीकर यांच्या सांध्यावर तयार होतो. त्यासाठी रिसीव्हरमध्ये सर्व स्पीकर ‘स्मॉल’ ठेवून (म्हणजे त्यांचे खालचे सूर सबवूफरकडे वळवून) क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या सुराखालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झला लावा, सबवूफरच्या पाठीवरील क्रॉसओव्हरचे बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवा आणि प्रत्येक स्पीकरचे आसनापासूनचे अंतर फुटपट्टीने मोजून भरा. मग फेजचे, म्हणजे सबवूफरचा कोन इतर स्पीकरांच्या बरोबरीने हलावा की उलट हे ठरवणारे, बटण ० आणि १८० वर आलटून पालटून पाहा. ज्या स्थितीत ढोलाचा ठोका भरीव लागतो, ती स्थिती कायम करा.

जागेचा विचार खरेदीइतकाच मनापासून करावा, असे आम्हांला वाटते. आपल्या हॉलच्या १५ फूट लांबीमुळे सुमारे ३७ हर्ट्झला, ११ फूट रुंदीमुळे ५१ च्या आसपास आणि उंचीमुळे ६० हर्ट्झच्या जरा खाली खोली स्वतःच घुमणार आहे. लांबीच्या बरोबर मध्यावर बसल्यास ३७ हर्ट्झचा सूर जवळजवळ नाहीसा होतो आणि मागच्या भिंतीला टेकून बसल्यास तोच नको तितका फुगतो. म्हणून सोफा भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे घेता आला तर जरूर घ्यावा. सबवूफरची जागा शोधण्यासाठी तो तात्पुरता सोफ्यावर, आपल्या नेहमीच्या बैठकीवर ठेवा, खालचे सूर चढत-उतरत जाणारे एखादे ओळखीचे गाणे लावा आणि भिंतीच्या कडेने, कान जमिनीपासून फूटभर उंचीवर ठेवून, रांगत फिरा. टीव्हीच्या कोपऱ्यात सर्वच सूर जाड होऊन एकमेकांत मिसळतात. दोन पावले पुढे गेलात की एखादा सूर अचानक गायब होतो. आणि कुठेतरी, कदाचित चपलांच्या कपाटाशेजारी, प्रत्येक सूर वेगळा आणि सारख्याच मोठ्या आवाजात ऐकू येतो. सबवूफर तेथे ठेवावा. सर्वांत मोठा आवाज येतो ती जागा निवडण्याचा मोह टाळा.

शक्य असेल तर दुकानदारांना दोन्ही सबवूफर एका दिवसासाठी घरी आणण्याची विनंती करा. दोन्ही एकाच जागी ठेवून, आवाजाची पातळी सारखी करून ऐका, कारण जरासा मोठा वाजणारा सबवूफर पहिल्या पाच मिनिटांत नेहमीच बाजी मारतो.

प्रश्न : शिवाजी पेठेत आमचे जुने घर आहे. माडीला लाकडी तुळया आणि फळ्यांची जमीन असून टीव्ही माडीवरच आहे. खाली सोप्यात आई-वडील झोपतात. रात्री सबवूफर चालू केला की खालच्या फळीवरची पितळेची भांडी थरथरतात. सबवूफरखाली फोम ठेवला, तरी फरक पडत नाही. सबवूफर विकून टाकावा का?
– एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : विकण्याची घाई करू नका. खाली पोचणारा आवाज दोन वाटांनी जातो. पेटीचे हादरे फळ्यांतून तुळयांत उतरतात, ही एक वाट. आणि हवेतला आवाजच जमिनीला हलवतो, ही दुसरी. फोमचा उपयोग झालाच तर पहिल्या वाटेपुरता होतो. खालच्या सुरांना अडवायला वजन लागते, आणि लाकडी माडीत नेमके तेच कमी असते.

प्रथम सबवूफर फळ्यांच्या मधल्या भागातून उचलून, तुळईचे टोक जेथे भिंतीत बसले आहे तेथे न्या, कारण तेथे जमीन सर्वांत कमी लवते. त्याच्याखाली जाड रबराचे तुकडे आणि त्यांवर शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा. मात्र खरा उपाय जागेच्या निवडीत आहे. सबवूफर सोफ्याच्या अगदी पाठीशी, आपल्या बैठकीपासून हातभर अंतरावर आणला, तर आपल्याला तोच भरीव आवाज मिळत असताना त्याची पातळी बरीच खाली आणता येते, आणि घरातील इतरांपर्यंत पोचणारा आवाज तेवढाच कमी होतो. तुळईचे टोक आणि सोफ्याची पाठ ही दोन्ही एकाच ठिकाणी जमली, तर उत्तमच. रिसीव्हरमधील ‘नाइट मोड’ चालू ठेवल्यास स्फोटाचे आवाज दबतात आणि संवाद वर येतात.

हे सर्व केल्यावर एका रात्री चित्रपट चालू ठेवून आपण स्वतः खाली सोप्यात, वडिलांच्या अंथरुणावर पडून ऐका. भांडी त्यांच्या सुरावरच वाजतात. ती फळी भिंतीला घट्ट करून भांड्यांमध्ये कापडाच्या घड्या ठेवल्या, तर बरीचशी तक्रार तेथेच मिटते. तरीही झोपमोड होत असेल, तर रात्री दहानंतर सबवूफर बंद ठेवणे हेच योग्य, आणि त्या वेळेपुरते रिसीव्हरमध्ये पुढचे स्पीकर ‘लार्ज’ करून सबवूफर ‘नाही’ असे निवडावे, म्हणजे खालचे सूर वाया जाणार नाहीत.

प्रश्न : नवा सबवूफर जोडल्यापासून काहीही चालू नसताना सतत ‘हूं’ असा आवाज येतो. तो सदोष आहे का? माझ्या एका मित्राने थ्री-पिनची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला दिला आहे.
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : ती पिन कृपया काढू नका. सबवूफरमध्ये बिघाड झाला, तर त्या पिनमुळेच आपला जीव वाचतो. आधी सबवूफरमागची, रिसीव्हरकडून आवाज आणणारी आरसीए केबल काढून पाहा. केबल काढूनही आवाज राहिला, तर दोष सबवूफरच्या ॲम्प्लिफायरमध्ये आहे आणि तो वॉरंटीत बदलून घ्यावा. आवाज थांबला, तर बहुधा ग्राउंड लूप झाला आहे : उपकरणांची अर्थिंग वेगवेगळ्या वाटांनी जोडली गेल्यामुळे घरच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण केबलमधून सबवूफरमध्ये शिरते. याचे मूळ अनेकदा केबल टीव्हीच्या वायरमध्ये सापडते. सेट-टॉप बॉक्सची ती गोल वायर काढून पाहा, आणि रिसीव्हर, टीव्ही व सबवूफर यांना एकाच बोर्डावरून वीज द्या. तरीही गुणगुण राहिली, तर जाणकार वायरमनकडून घराची अर्थिंग तपासून घ्यावी. जुन्या इमारतींत ती नावापुरतीच असल्याचे आढळते.

प्रश्न : नव्या चित्रपटांना आमचा सबवूफर उत्तम साथ देतो, पण जुने मराठी बोलपट लावले की तो जवळजवळ गप्प बसतो. सेटिंग चुकले आहे का?
– एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : सेटिंग ठीक असावे. ५.१ मधील ‘.१’ म्हणजे खालच्या परिणामांसाठी राखलेला, १२० हर्ट्झपर्यंतचा स्वतंत्र मार्ग. असा मार्ग असलेली डॉल्बी डिजिटल ही ध्वनिपद्धत चित्रपटगृहांत १९९२ साली आली. आपल्याच कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या बोलपटांचा आवाज एकाच मार्गावर, फिल्मच्या कडेला प्रकाशाने मुद्रित केलेला आहे. त्यात असा वेगळा मार्ग नाही आणि फार खालचे सूर त्या काळच्या मुद्रणात उतरलेलेही नाहीत. स्पीकर ‘स्मॉल’ ठेवले असतील, तर जे थोडे खालचे सूर आहेत ते सबवूफरकडे जातातच. त्याची पातळी वाढवू नका, कारण वाढेल ती मुद्रणातील घरघर. या चित्रपटांत सगळा भार संवादांवर आणि गाण्यांवर असतो, आणि रिसीव्हर सराउंडवर असल्यास तो आवाज मधल्या स्पीकरमधून येतो. तो स्पीकर टीव्हीच्या खणात आत ढकललेला असेल, तर बाहेर काढून त्याची पुढची बाजू खणाच्या काठाशी आणा आणि तोंड कानाच्या दिशेने किंचित वर करा.