गॅस भरला तरी महिन्याभरात गाडीचा एसी पुन्हा गार होत नाही. लीक कशी शोधायची?

एसीचा गॅस वापरून संपत नाही. महिन्यात कमी झाला म्हणजे गळतीच. गॅससोबत तेलही झिरपतं, म्हणून पाइपांचे सांधे, कंडेन्सर (रेडिएटरपुढची जाळी) आणि कॉम्प्रेसरच्या क्लचजवळ तेलकट, धूळ चिकटलेला डाग शोधा. सर्व्हिस व्हॉल्व्हवर (गॅस भरायच्या तोंडावर) साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गळती तिथेच. तिथला कोअर (आतली छोटी झडप) बदलणं सर्वांत स्वस्तातलं काम. तरी सापडली नाही तर यूव्ही डाय (यूव्ही टॉर्चखाली चमकणारा रंग) टाकून काही दिवस गाडी चालवा. कूलिंग कॉइल डॅशबोर्डमागे लपलेली असते, तिच्यासाठी ड्रेन पाइपच्या तोंडाशी डाय चमकतो का बघा.

सांधा उघडलात तर ओ-रिंग नवीच, रेफ्रिजरंट तेल लावून. मग किमान 30 मिनिटं व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढणं; पंप बंद केल्यावर गेजचा काटा हलला तर गळती बाकी आहे. गॅस बॉनेटखालच्या स्टिकरवरच्या वजनाइतकाच. लीक बुजवणारं केमिकल टाळा, कूलिंग कॉइलमध्ये गॅस सोडणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह तुंबू शकतो.