मोजमाप आधी, खरेदी नंतर

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा जेवणाच्या टेबलावर तात्पुरता म्हणून मांडलेला लॅपटॉप अनेक घरांत आजही तिथेच आहे, आणि त्याच्याबरोबर आलेली मान-पाठीची दुखणीही मुक्काम ठोकून आहेत. घरून काम करणाऱ्या वाचकांच्या पत्रांतील चार प्रश्न या वेळी घेतले आहेत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझी उंची पाच फूट एक इंच आहे. आम्ही वन बीएचके सदनिकेत राहतो आणि आठवड्यातील चार दिवस मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून काम करते. दुपारपर्यंत खांदे भरून येतात आणि संध्याकाळी मान वळवणेही नकोसे होते. यजमानांनी पाठीला आधार देणारी दहा-बारा हजारांची खुर्ची घ्यायचे ठरवले आहे. ती घ्यावी का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : खरेदी तूर्त थांबवावी आणि मोजपट्टी घेऊन आधी स्वतःचे माप घ्यावे. पाय जमिनीवर पूर्ण टेकतील अशा बुटक्या बैठकीवर ताठ पण सैल बसावे, खांदे पाडून दंड शरीरालगत सोडून द्यावेत, कोपर काटकोनात वाकवावे आणि कोपराच्या खालच्या बाजूपासून जमिनीपर्यंतचे अंतर घरातील दुसऱ्या कोणाला तरी मोजायला सांगावे. आपल्या उंचीच्या व्यक्तीचे हे अंतर साधारण २४ इंच भरते. आता टेबल मोजावे. जेवणाचे टेबल बहुधा ३० इंच उंच असते आणि त्याच्या खुर्चीची बैठक १८ इंचांवर. त्या खुर्चीवर बसले की आपले कोपर जमिनीपासून साडेसव्वीस इंचांवर येते, म्हणजे टेबलापेक्षा तब्बल साडेतीन इंच खाली, आणि त्यात लॅपटॉपची जाडी वेगळीच. हात कीबोर्डपर्यंत पोहोचवण्यासाठी खांदे दिवसभर उचलून धरावे लागतात. दुपारी ते भरून येतात याचे कारण एवढेच आहे. दुसरीकडे पाय मात्र नीट टेकत नाहीत, बैठकीची कड मांड्यांखाली रुतते, म्हणून माणूस नकळत पुढे सरकतो आणि पुढे सरकला की पाठीचा टेका सुटतो. महागडी खुर्ची याच टेबलासमोर आणून ठेवली तर यातले फारसे काही बदलणार नाही. यजमानांचा हेतू उत्तम आहे, क्रम तेवढा चुकला आहे.

स्वस्त उपाय असा की टेबल खाली येत नसेल तर आपण वर जावे. गादीवाल्याकडून खुर्चीच्या मापाची साडेतीन-चार इंच जाडीची, बसल्यावर फार न दबणारी घट्ट उशी करून घ्यावी. त्यामुळे कोपर टेबलाच्या पातळीला येईल. पण मग पाय आणखी अधांतरी होतील, म्हणून पायांखाली सहा इंच उंचीचा लाकडी चौरंग ठेवणे अत्यावश्यक आहे. उशी आणि चौरंग ही जोडी आहे. त्यांतील एकच वस्तू घेऊन भागत नाही. जेवणाच्या खुर्चीची बैठक खोल असल्याने कमी उंचीच्या व्यक्तीची पाठ टेक्याला लागत नाही. गुडघ्यामागे दोन-तीन बोटांची मोकळी जागा राहील एवढेच मागे सरकावे आणि उरलेली पोकळी कमरेच्या खोलगट भागात टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवून भरून काढावी.

एवढे करूनही मानेचा प्रश्न उरतोच, कारण लॅपटॉपचा स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात. हात सुखात ठेवले तर मान वाकते आणि मान सरळ ठेवली तर हात उचलावे लागतात. हजार-दीड हजार रुपयांत सुटा कीबोर्ड आणि माउस मिळतो. तो घेऊन लॅपटॉप उंचावर चढवावा. खास स्टँड घेण्याची घाई नको. जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा हे काम चोख करतो, आणि एखादा अंक काढून किंवा घालून उंची अर्ध्या इंचाने बदलता येते, जे अनेक स्टँडना जमत नाही. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली असावी आणि स्क्रीन हातभर अंतरावर असावा. चष्मा दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह भिंगांचा असेल तर मात्र स्क्रीन आणखी खाली घ्यावा, नाहीतर भिंगाच्या खालच्या भागातून वाचण्यासाठी हनुवटी वर करून बसावे लागते आणि मान दुसऱ्या दिशेने दुखू लागते.

दहा-बारा हजार खर्च करायचेच असतील तर ते आधी टेबलावर करावेत. सुताराकडून १८ मिलिमीटर प्लायची तीन फूट रुंद आणि दोन फूट खोल फळी भिंतीला बिजागऱ्या व घडीच्या ब्रॅकेटवर बसवून घ्यावी, म्हणजे काम संपल्यावर ती खाली पाडता येईल. वन बीएचकेमध्ये हे महत्त्वाचे. फळीची उंची आपल्यासाठी २६ इंच पुरे. सुतार सवयीने ३० इंच धरतो आणि ‘सगळे एवढीच ठेवतात’ असेही सांगतो. त्या वेळी आपले माप लिहिलेला कागद पुढे करावा. समोरची कड गोल घासून घ्यावी, कारण मनगटाखाली येणारी सनमायकाची धारदार कड दिवसभर टोचत राहते. फळीखाली ड्रॉवर करून घेण्याचा मोहही टाळावा, कारण मांड्यांसाठी लागणारी जागा तोच खातो.

खुर्चीचा क्रमांक यानंतर. दुकानात ती सर्वांत खाली आणून, चप्पल काढून बसून पाहावे. घरात आपण अनवाणी असतो, त्यामुळे बुटांसह ऑफिसात बरी वाटलेली खुर्ची घरी इंचभर उंच ठरते. अनेक फिरत्या खुर्च्या सतरा इंचांच्या खाली उतरत नाहीत. तशी असेल तर दोन इंचांचा पाट पायांखाली घ्यावा. हात टेकण्याच्या दांड्या टेबलाखाली सरकत नसतील तर ती खुर्ची घेऊ नये. बोटांना मुंग्या येत असतील किंवा रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल तर मात्र ही सारी खटपट बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेटावे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून एका प्रकाशनसंस्थेसाठी घरून मुद्रितशोधन करतो. काही काम कागदावर असते, काही लॅपटॉपवर. आयुष्यभर जमिनीवर मांडी घालून लिहिण्याची सवय आहे आणि गुडघे अजून साथ देतात. मुलगा म्हणतो की आता टेबल-खुर्ची घ्याच. जमिनीवर बसून काम करणे खरोखरच अपायकारक आहे काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपण गुडघ्यांना त्रास न होता बसू शकत असाल आणि हाताचा आधार न घेता उठू शकत असाल, तर जमिनीला दोष देण्याचे कारण नाही. बिघडते ते लॅपटॉप मांडीवर किंवा थेट सतरंजीवर ठेवल्यामुळे. पूर्वीच्या पेढ्यांवर मुनीम गादीवर बसूनच दिवसभर खतावण्या लिहीत, पण त्यांच्यापुढे ढाळाचे डेस्क असे; कागद लेखकाकडे कललेला असल्याने त्याला कागदाकडे वाकावे लागत नसे. आपणही तोच मार्ग धरावा. कागदावरील कामासाठी पंधरा-वीस अंशांचा उतार असलेली, खालच्या कडेला बारीक पट्टी मारलेली फळी चौरंगावर ठेवावी. उजव्या हाताने लिहीत असल्यास उजेड डावीकडून यावा, म्हणजे खुणा करताना हाताची सावली ओळीवर पडत नाही.

बैठकीचा तपशील अधिक महत्त्वाचा आहे. सपाट जमिनीवर मांडी घातली की कंबर मागे कलंडते आणि पाठीला पोक येते. त्यासाठी फक्त बुडाखाली तीन-चार इंचांची घट्ट गादी घ्यावी आणि गुडघे गादीच्या बाहेर, जमिनीकडे उतरू द्यावेत. कंबर आपोआप सरळ होते. या बैठकीत कोपर जमिनीपासून साधारण बारा इंचांवर येते, म्हणून कीबोर्डचा चौरंगही तेवढाच उंच असावा आणि त्याखाली गुडघे मोकळे राहतील इतके त्याचे पाय दूर असावेत. देवघरातील चौरंग बहुधा यासाठी अरुंद पडतो. लॅपटॉपखाली वेगळा उंचवटा आणि सुटा कीबोर्ड हे वरच्या उत्तरातील सूत्र येथेही लागू आहे. पाठीशी भिंत आणि भिंतीशी लोड असावा.

मुलाच्या म्हणण्यात तथ्य एवढेच आहे की जमिनीवर बसलेला माणूस उठायचा कंटाळा करतो. खुर्चीवरून उठणे सोपे, म्हणून निदान ते घडते. जमिनीवर मात्र पाण्याचा तांब्या, फोन, चष्म्याची डबी असे सगळे हाताशी गोळा होते आणि दोन-दोन तास माणूस हलत नाही. तांब्या मुद्दाम स्वयंपाकघरातच ठेवावा. कागदाचे काम खाली आणि लॅपटॉपचे काम टेबलावर अशी विभागणी मला अधिक पसंत आहे, कारण त्यामुळे दिवसातून काही वेळा बैठक बदलते. पुढे कधी गुडघ्याचे सांधेरोपण झाले तर मांडी घालण्याबाबत शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचा सल्ला अंतिम मानावा. ते बहुधा मांडी घालू नका असेच सांगतात.

प्रश्न : पुण्यातील कंपनीचे काम मी गावच्या घरातून करतो. घर जांभ्याच्या चिऱ्यांचे, जुने आहे. फायबरचे कनेक्शन ओटीवर आहे आणि मी मागच्या खोलीत बसतो, तिथे वायफाय पोहोचत नाही. पावसाळ्यात वीज तास न् तास जाते. काय सोय करावी? (एक वाचक, संगमेश्वर)

उत्तर : चिऱ्याच्या जाड भिंती उन्हाळ्यात सुख देतात आणि वायफायला अडवतात. राउटरवरील ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान पण भिंतींपुढे दुबळा असतो, तर २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा संथ पण अधिक दूर पोहोचतो. मागच्या खोलीत आधी तो जोडून पाहावा. मात्र माझे स्पष्ट मत असे की दोन-तीन भिंती मध्ये असतील तर लहरींच्या नादी न लागता राउटरपासून लॅपटॉपपर्यंत कॅट-६ ही नेटवर्कची केबल ओढावी. ती शंभर मीटरपर्यंत विनातक्रार चालते आणि खिडकीच्या चौकटीतून नेता येते.

विजेचे गणित सोपे आहे. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर बॅटरीत कागदोपत्री १८०० वॉट-अवर असतात. इन्व्हर्टरमधील घट आणि बॅटरी पूर्ण न उतरवण्याचे पथ्य धरून १२०० हाती लागतात असे समजावे. लॅपटॉप ६० वॉट, राउटर व फायबरची डबी (फायबरची तार जिला येऊन मिळते ती) मिळून २०, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा ३० आणि एलईडी दिवा १० असा १२० वॉटचा भार दहा तास चालेल. जुना ७५ वॉटचा पंखा असेल तर हेच सात तासांवर येते, म्हणून दुसरी बॅटरी घेण्यापूर्वी पंखा बदलणे शहाणपणाचे. ओटीवरील राउटर आणि फायबरची डबी वेगवेगळ्या असतील तर दोन्ही इन्व्हर्टरच्या वायरिंगवर घ्याव्यात. अनेक घरांत राउटर चालू राहतो आणि डबी बंद पडते. शिवाय गावात वीज गेल्यावर केबलवाल्याचे स्वतःचे यंत्र चालू राहते का, हे त्याला आधी विचारावे. ते बंद पडत असेल तर घरातील बॅटरीचा इंटरनेटसाठी उपयोग नाही, आणि तेव्हा दुसऱ्या कंपनीचे मोबाइल सिम हाच आधार.

जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट दिसते, पण तिसऱ्या भोकामागे अर्थिंगची तार असेलच असे नाही. चार्जिंग चालू असताना लॅपटॉपच्या धातूच्या पत्र्यावर झिणझिण्या जाणवत असतील तर वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये विजांचा कडकडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवावेत. टेबल ओल धरणाऱ्या भिंतीपासून वीतभर पुढे असावे आणि नवे करायचे असेल तर आयएस ७१० मानांकनाचे मरीन प्लाय वापरावे; साधे प्लाय कोकणातील दोन-चार पावसाळ्यांत फुगते.

प्रश्न : माझे टेबल खिडकीला पाठ करून आहे. व्हिडिओ बैठकीत माझा चेहरा काळा दिसतो आणि संध्याकाळी डोळे चुरचुरतात. निळा प्रकाश अडवणारा चष्मा घ्यावा का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : चष्म्याचे पैसे वाचवावेत. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये १७ चाचण्यांचा आढावा घेतला, त्यात अशा भिंगांमुळे डोळ्यांवरील ताण कमी होत असल्याचे दिसले नाही. टेबल काटकोनात वळवावे, जेणेकरून खिडकी बाजूला येईल: पाठीमागून येणारा उजेड स्क्रीनवर चमकतो आणि कॅमेऱ्याला चकवतो, तर समोरची खिडकी थेट डोळ्यांत येते. खिडकी पश्चिमेची असल्यास दुपारनंतर पातळ पडदा ओढावा. अंधाऱ्या खोलीत एकटा स्क्रीन उजळलेला नसावा. ९ वॉटचा एलईडी दिवा समोरच्या भिंतीवर उजेड पडेल असा लावला तर खोलीही उजळते आणि बैठकीत चेहराही दिसतो.

डोळे चुरचुरतात ते बहुतांशी कोरडेपणामुळे, कारण स्क्रीनकडे पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरील वस्तूकडे वीस सेकंद पाहण्याचा नियम यासाठीच सांगितला जातो. टेबल पंख्याच्या किंवा एसीच्या झोताखाली असेल तर ते तेथून हलवावे, आणि एवढे करूनही पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर नेत्रतज्ज्ञांकडून चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा. तपासणीला जाताना आपल्या डोळ्यांपासून स्क्रीनपर्यंतचे अंतर मोजून, लिहून न्यावे.