बाबा मिस्साला येत नाहीत

"मॅडम, बाबांना रात्री-अपरात्री काही झालं तर फादरांना बोलावू की नको?"

माझ्याकडे सल्ल्यासाठी नाशिक रोडहून आलेल्या ताईंचा हा पहिलाच प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वडील सत्तरीचे, प्रेसमधून निवृत्त. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये चर्च बंद झालं, मिस्सा (चर्चमधला मुख्य उपासनाविधी) मोबाइलवर आली. पुढे चर्च उघडलं तरी बाबा गेले नाहीत. मिस्सा नाही, कन्फेशन (फादरांपुढे पापांची कबुली) नाही, कम्युनियन (मिस्सात मिळणारी पवित्र भाकर) नाही. म्हणणं एकच, "आताची मिस्सा ही मिस्साच नव्हे. मी कॅथलिक आहे, म्हणूनच घरी बसलोय."

अशा घरांची काळजी वेगळीच असते. माणसाने धर्म सोडलेला नसतो, उलट इतका घट्ट धरलेला असतो की चर्चच सुटतं.

मी विचारलं, "रविवारी सकाळी ते घरी काय करतात?" ताईंना सांगता येईना. त्या वेळी त्या चर्चमध्ये असतात. पुढच्या रविवारी त्या मुद्दाम थांबल्या. नऊ वाजता बाबा आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून टेबलाशी आले. मेणबत्ती लावली. पाठीला चिकटपट्टी लावलेली जुनी मिस्साची पुस्तिका उघडली. लहानपणी मिस्सात फादरांना मदत करणारे वेदीसेवक होते, लॅटिन उत्तरं अजून तोंडपाठ. कम्युनियनच्या जागी आल्यावर गुडघ्यांवर बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. हे सांगताना ताईंना रडू आवरेना. तोवर घरात या सगळ्याला 'बाबांचा हट्ट' म्हणत होते.

बाबांना सालं पाठ होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (चर्चमध्ये बदल घडवणारी बिशपांची सभा) १९६८ मध्ये धर्मगुरूंच्या दीक्षेचा विधी बदलला, १९६९ मध्ये पोप सहावे पॉल यांनी नवा मिस्साग्रंथ दिला. २००७ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी जुन्या, लॅटिन मिस्साची वाट मोकळी केली, २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ती पुन्हा अरुंद केली. चर्चच्या शिकवणीनुसार नवी मिस्सा वैधच आहे. मीही तेच मानते, दर रविवारी जाते. पण तेच पटवत बसले असते तर बाबा (मी त्यांना काका म्हणते) दुसऱ्यांदा आले नसते.

पुन्हा आले तेव्हा काका म्हणाले, "जपानात दोनशे वर्षं फादर नव्हते. श्रद्धा टिकलीच ना?"

"टिकली, काका. पण १८६५ मध्ये नागासाकीत फादर आल्याचं कळलं, तेव्हा ख्रिस्ती धर्मावर बंदी असतानाही तीच माणसं जीव धोक्यात घालून त्यांच्याकडे गेली. मारियेची मूर्ती कुठे आहे विचारलं, खात्री करून घेतली. तुमची खात्री पटेल असा एकही फादर उरला नाही का?"

ते चष्मा पुसत राहिले. मग त्यांनीच हिशेब मांडला : जुन्या विधीने, १९६८ च्या आधी दीक्षा झालेले, म्हणजे आता पंच्याऐंशीच्या आसपासचे. "एक आहेत. नगरकडे. निवृत्त."

ताईंना मी सांगितलं, रविवारी सकाळी वाद नको. नातवंडांना चर्चला न्या, आणि आजोबांच्या मेणबत्तीपाशीही बसू द्या. फादरांचं मात्र बाबा शुद्धीत आहेत तोवर त्यांनाच विचारा. मरणाच्या दारात कोणताही धर्मगुरू, त्याला एरवी कन्फेशन ऐकायची परवानगी नसली तरी, पापक्षमा देऊ शकतो. हा नियम चर्चच्या १९८३ च्या धर्मकायद्यात आहे, तसाच १९१७ च्याही. जुना कायदा काकांना मान्यच होता.

घरी बसणं निरुपद्रवी आहे असं मला वाटत नाही. काही वर्षांत त्यांच्या दारात पॅरिशमधलं (त्या भागातल्या चर्चचं) कुणी आलं नव्हतं, आणि कानावर पडत होते फक्त व्हिडिओतले चिडलेले आवाज. त्या एकटेपणाची मला जास्त भीती वाटत होती.

बापलेक एसटीने नगरला गेले. काका दोन तास आत होते. काय झालं ते ताईंनी विचारलं नाही, मीही नाही.

रविवारी ते अजून घरीच असतात. परवा ताईंनी फोटो पाठवला. फ्रिजवर एक चिठ्ठी, काकांच्या अक्षरात त्या फादरांचा नंबर, आणि खाली लिहिलंय, 'रात्रीसुद्धा.'