प्रबंध जमा करण्याआधीचं मुद्रितशोधन

प्रबंध लिहून झाला की लगेच तपासायला बसू नका. चार दिवस तो बाजूला ठेवा, मग छापील प्रत काढून हातात पेन घेऊन वाचा. पडद्यावर डोळा नुसता घसरत जातो.

एका वाचनात सगळं पाहायला जाऊ नका. आधी फक्त वाक्यं पाहा. लांब वाक्यात कर्ता कुठे, क्रियापद कुठे, असं होतं आणि लिंगवचन हमखास चुकतं. मग शुद्धलेखन. साहित्य महामंडळाचे 1962 चे चौदा आणि 1972 चे चार, असे अठराच नियम आहेत. ते टेबलावर असू द्या. सर्वाधिक घोळ सामान्यरूपात होतो: गरीब पण गरिबांना, मूल पण मुलाला. अनुस्वाराकडे तर डोळ्यांत तेल घालून बघा. 'शेतकऱ्याचे उत्पन्न' आणि 'शेतकऱ्यांचे उत्पन्न' यांत तुमचा निष्कर्षच बदलतो, आणि संगणकाला दोन्ही बरोबरच वाटतात.

काही चुका मात्र संगणकालाच शोधू द्या. 'महत्व' असं टंकून शोधा. जिथे सापडेल तिथे एक त कमी आहे. 'तत्व'चंही तसंच.

संदर्भसूची शेवटी, पण ताज्या डोक्यानं. मजकुरातलं प्रत्येक आडनाव आणि साल सूचीशी ताडून खूण करत जा. परीक्षक बरेचदा सूचीच आधी उघडतात. तक्त्यांमधल्या बेरजाही पुन्हा करा, आणि त्या मात्र दुसऱ्या कुणाकडून तरी करून घ्या.