वाचकांचे प्रश्न : मृदा भूगोलाच्या प्राध्यापकाचे आयुष्य

प्रश्न : माझी मुलगी नागपुरात भूगोल घेऊन बी. ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकत आहे. तिला पुढे मृदा भूगोलाची प्राध्यापक व्हायचे आहे. मातीचा अभ्यास कृषी महाविद्यालयातच होतो, असे आम्ही आजवर समजत होतो. भूगोलाचा प्राध्यापक मातीचे नेमके काय करतो, या वाटेने नोकरी मिळते का, आणि शिवारे हिंडण्याचे हे काम मुलीला आयुष्यभर झेपेल का?
— एक आई, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : आपला शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण खरी काळजी त्यात आहे आणि तिचे उत्तर एका बाईंच्या आयुष्यातच सापडते. मारिया ग्लाझोव्हस्काया यांचा जन्म १९१२ साली सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. मृदाशास्त्रज्ञ बोरिस पोलिनोव्ह यांच्यासारख्या गुरूकडे त्या माती शिकल्या, कझाकस्तानात आणि तिएन शान पर्वतराजीत त्यांनी क्षेत्रकाम केले, आणि पुढे मॉस्को विद्यापीठाच्या भूगोल विद्याशाखेत मृदा भूगोलाच्या विभागाचे प्रमुखपद दीर्घकाळ सांभाळले. २०१६ साली त्या गेल्या, तेव्हा त्यांच्या वयाला शंभरी उलटून चार वर्षे झाली होती. तेव्हा झेपण्याचा प्रश्न अंगातल्या ताकदीचा नाही. आपल्याकडे विद्यार्थिनींची अडचण होते ती सोयींमुळे. गावात मुक्कामाची धड जागा नसते, शिवारात स्वच्छतागृह नसते, परतीची एसटी वेळेवर मिळत नाही. सहलीचे नियोजन करणाऱ्या शिक्षकाने या गोष्टींची व्यवस्था आधी लावली, तर मुली या कामात कुठेही मागे पडत नाहीत, हे मी माझ्या वर्गांत वर्षानुवर्षे पाहिले आहे.

आता प्राध्यापक काय करतो ते सांगतो. मृदाशास्त्रज्ञ प्रामुख्याने या मातीत काय आहे आणि तिच्यात पीक कसे वाढेल, हे विचारतो. मृदा भूगोलाचा अभ्यासक विचारतो की ही माती इथेच का आहे, आणि चार कोसांवर दुसरी का आहे. या प्रश्नाला शास्त्राचे रूप दिले ते रशियाच्या वासिली डोकुचाएव यांनी. एका धर्मगुरूचा हा मुलगा धर्मशिक्षण सोडून निसर्गविज्ञानाकडे वळला आणि १८८३ साली त्याने रशियन काळ्या मातीवरील आपला प्रबंध प्रसिद्ध केला. माती म्हणजे खडकाचा नुसता भुगा नव्हे, तर मूळ खडक, हवामान, जीवसृष्टी, भूमीचा उंचसखलपणा आणि काळ या सर्वांच्या एकत्रित क्रियेतून घडलेला स्वतंत्र नैसर्गिक पदार्थ होय, ही त्यांची मांडणी होती. पुढे मृदाशास्त्रज्ञ हान्स जेनी यांनी १९४१ साली याच घटकांना समीकरणाचे रूप दिले.

आपल्या मुलीला हे सगळे समजून घ्यायला रशियाला जावे लागणार नाही. काटोलहून निघून नागपूरमार्गे भंडाऱ्याला जाणारा रस्ता एका दिवसात सहज होतो. पश्चिमेकडे बेसाल्ट खडक आहे आणि त्यावर कापसाची व संत्र्याची काळी जमीन आहे. पूर्वेकडे फार प्राचीन पट्टिताश्म (नाइस) खडक लागतो, मातीचा रंग पिवळसर-तांबूस होत जातो आणि पाहता पाहता धानाच्या बांध्या सुरू होतात. पूर्वेकडे पाऊस थोडा वाढत असला, तरी मुख्यतः खडक बदलल्याने माती, पीक आणि ताटातले अन्न कसे बदलते, याचे एवढे स्पष्ट उदाहरण इतक्या जवळ असणे हे नागपूरच्या विद्यार्थ्यांचे भाग्य आहे.

एक गैरसमज मात्र या वाटेवर तिला जन्मभर दूर करावा लागेल. रशियाचीही माती काळी आणि आपलीही काळी, म्हणून दोन्ही सारख्याच, असे अनेक विद्यार्थी पदवीपर्यंत मानत असतात. रशियन काळ्या मातीचा रंग गवताळ प्रदेशात साठलेल्या भरपूर ह्यूमसमुळे, म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय पदार्थामुळे, आलेला आहे. विदर्भाच्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्बाचे प्रमाण पुष्कळदा एक टक्क्याहूनही कमी असते. तिचा मुख्य गुण स्मेक्टाइट या चिकणमातीच्या खनिजात आहे, जे पाणी पिऊन फुगते आणि वाळले की आक्रसते. त्यामुळेच उन्हाळ्यात आपल्या वावरांना हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची माती त्या भेगांतून खाली उतरते आणि जमीन आतल्या आत घुसळली जाते. रंगावरून सुपीकता ठरविणाऱ्या विद्यार्थ्याला हे वर्गात सांगून पटत नाही. त्याला खड्ड्यात उतरवावे लागते.

हा खड्डा म्हणजेच आमची प्रयोगशाळा. दीड-दोन मीटर खोल खणून एका भिंतीवर ऊन पडेल असे पाहायचे, थर मोजायचे, ओलसर ढेकूळ मन्सेलच्या, म्हणजे मातीच्या रंगांचे प्रमाणित नमुने असलेल्या, रंगपुस्तिकेशी ताडून पाहायचे, बोटांत मळून चिकणमातीचा अंदाज घ्यायचा आणि सौम्य आम्लाचे थेंब टाकून चुना फसफसतो का ते बघायचे. हे काम आम्ही मुद्दाम उन्हाळ्यात करीत असू, कारण तेव्हा वावरे रिकामी असतात आणि भेगा उघड्या असतात. पहाटे निघून ऊन चढण्यापूर्वी परतायचे, एवढे पथ्य पाळले की पुरे.

नोकरीबद्दल थोडक्यात सांगतो. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्यासाठी भूगोलात एम. ए. किंवा एम. एस्सी. करून नेट अथवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते, पीएच. डी. पुढील बढतीसाठी महत्त्वाची ठरते. नागपुरातच अमरावती मार्गावर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोचे मुख्यालय आहे, मात्र तेथील शास्त्रज्ञपदाची वाट मुख्यतः कृषी शाखेच्या पदवीतून जाते, हे तिने आताच ध्यानात ठेवावे. अनुदानित महाविद्यालयांतील जागा बराच काळ रिक्त राहतात आणि तोवर अनेकांना तासिका तत्त्वावर शिकवावे लागते, हे आपल्यापासून लपविणे मला योग्य वाटत नाही. तिने सुदूर संवेदन (उपग्रहचित्रांवरून जमिनीचा अभ्यास) व जीआयएस (संगणकावरील नकाशा-माहिती प्रणाली) नीट शिकून घेतले, तर त्या काळात तिला दुसरा आधार राहील.

प्रश्न : आमच्या भागातील जुनी माणसे जमिनीला कन्हार, मोरांड, खरडी, बरडी अशी नावे देतात. शास्त्रात या नावांना काही स्थान आहे का?
— एक शिक्षक, कळमेश्वर

उत्तर : आहे, आणि ते मला एका शेतकऱ्याने शिकविले. मी नुकताच शिकवू लागलो होतो. काटोलकडे एका वावरात विद्यार्थ्यांसह खड्डा खणत असताना मालक म्हणाले, “गुरुजी, धुऱ्याच्या अल्याड मोरांड हाय अन् पल्याड बरडी. दोन्हीकडं खंदा, म्हंजे समजन.” आम्ही दोन्हीकडे खणले. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, एका बाजूला चुनखडीचे खडे असलेली मध्यम खोल काळी माती निघाली आणि दुसरीकडे वीतभर मातीखाली मुरूम लागला. आमच्या नकाशात मात्र त्या दोन्ही वावरांना एकच रंग होता.

ब्रिटिश काळातील मध्य प्रांताच्या जमाबंदीत शेतसारा ठरविताना ही नावे वापरली गेली, कारण त्यांत खोली, निचरा आणि नांगराला लागणारा जोर या सर्वांचा अंदाज सामावलेला असतो. संत्रा बागायतदाराला तो अंदाज आजही लागतो. बहरासाठी झाडाला पाण्याचा ताण द्यावा लागतो. हलक्या जमिनीत तो लवकर बसतो, पण कन्हारीत, म्हणजे खोल काळ्या जमिनीत, ओल टिकून राहिल्याने लवकर बसत नाही, आणि निचरा नसेल तर मुळे कुजून डिंक्या रोगाला वाट मिळते. शास्त्रीय वर्गीकरणातील एक नाव आणि गावातील एक नाव यांची सरळ जोडी नेहमीच जुळत नाही, कारण एकाच गावनावाखाली कधी दोन वेगळ्या मृदा येतात. म्हणून आपल्या शाळेच्या मुलांकडून गावातील प्रत्येक वावराचे नाव, मातीची खोली आणि चुनखडी लागते की नाही, एवढ्या तीन गोष्टी वहीत लिहून घ्याव्यात, आणि ही माहिती सांगणारी म्हातारी माणसे आहेत तोवरच, या उन्हाळ्यात, ते काम सुरू करावे.