मॅडम, चांगलं वागणं हा फॉल्ट आहे का?

गेल्या वर्षभरात हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा आलाय की शेवटी लिहायलाच बसले. कोणी म्हणतं मला नाही म्हणता येत नाही, कोणी म्हणतं मी सगळ्यांचं करते आणि माझ्या वेळेला कोणी फिरकत नाही, एक शिक्षिका म्हणाल्या की स्टाफरूममध्ये सगळ्यांचे पेपर मीच तपासते आणि घरी आल्यावर मुलावर खेकसते. शब्द वेगवेगळे असतात पण आत एकच असतं, आपण चांगलं वागलो हे चुकलं का, आणि मग आता काय वाईट व्हायचं का.

निखिलची गोष्ट सांगते. नाव आणि बरेच तपशील बदललेत, त्याची परवानगी घेतलीय.

निखिल पुण्यात आयटीत आहे, वय चौतीस, मूळचा सोलापूरकडचा, बायको आणि सहा वर्षांची मुलगी. पहिल्यांदा आला तेव्हा बसायच्या आधी फोन पुढे केला. अप्रेझलचा स्क्रीनशॉट होता. रेटिंग चांगलं, पगारवाढ चांगली, आणि खाली मॅनेजरची एक ओळ, ‘निखिल इज हेल्पफुल टू अ फॉल्ट.’ त्या ओळीने तीन आठवडे याची झोप उडाली होती. म्हणाला, "मॅडम, पाच वर्षं सगळ्यांच्या मदतीला धावलो. लोकांच्या नाइट शिफ्ट केल्या, दिवाळीत ऑन-कॉल राहिलो. आणि यांनी त्यातच फॉल्ट काढला."

मी समुपदेशनात यायच्या आधी अकरा वर्षं ज्युनियर कॉलेजला इंग्रजी शिकवायचे, त्यामुळे पहिली दहा मिनिटं चक्क तास घेतला. त्याला सांगितलं की इथे फॉल्ट म्हणजे तुझी चूक नाही रे. एखादा चांगला गुण माणसात इतका जास्त आहे की तो आता दोषाच्या हद्दीला जाऊन टेकलाय, असं म्हणायचं असतं तेव्हा हे वापरतात. जनरस टू अ फॉल्ट, ऑनेस्ट टू अ फॉल्ट, पोलाइट टू अ फॉल्ट. म्हणजे ही तक्रार नाही, कौतुकच आहे, पण त्यात एक काळजीचा सूर आहे. आपण नाही का म्हणत, ‘माणूस चांगलाय हो, पण नको इतका भिडस्त आहे’, तसं.

त्याने मान डोलावली. अर्थ कळला. पण चेहरा होता तसाच.

नुसता अर्थ न कळल्याचा त्रास असता तर अर्थ कळल्यावर तो गेला असता. गेला नाही, म्हणजे मॅनेजरने नकळत अशा जागी बोट ठेवलं होतं जी आधीच दुखत होती. म्हणून मी ते वाक्य सोडायचं नाही असं ठरवलं आणि त्याला होमवर्क दिला, पुढच्या वेळी या वाक्प्रचाराची पाच वाक्यं करून आण, तुझ्या आयुष्यातल्या माणसांवर.

आणली त्याने. पहिलं वाक्य होतं, ‘माय टीम लीड इज रूड टू अ फॉल्ट.’ मी म्हटलं हे नाही चालणार. उद्धटपणा मुळातच दोष आहे, तो दोषापर्यंत पोचायला वेगळा कशाला वाढायला हवा. आळशी, खोटारडा, कंजूष यांच्यामागे हे सहसा लागत नाही, मागे लागायला गुण चांगलाच लागतो. आणि ते येतं विशेषणाच्या मागून, ‘ही इज टू अ फॉल्ट लॉयल’ असं कोणी म्हणत नाही. हे ऐकून तो जरा गप्प झाला, मग म्हणाला, "म्हणजे हे ज्याच्याबद्दल म्हणतात तो माणूस चांगला आहे हे धरूनच चालतात?" मी म्हटलं हो. तेवढ्यानेही त्याचे खांदे थोडे सैल पडले.

दुसरं वाक्य होतं, ‘माय फादर वॉज जेनरस टू अ फॉल्ट.’ त्याचे बाबा एसटीत कंडक्टर. एखाद्या म्हातारीकडे तिकिटाला पैसे कमी पडले की ते तिला गाडीतून उतरवायचे नाहीत, तिकीट फाडायचे आणि फरक स्वतःच्या खिशातून घालायचे, कारण रात्री डेपोत कॅश भरताना हिशोब जुळायलाच लागतो. गावात अजून लोक त्यांचं नाव काढतात. हे सांगताना निखिलचा आवाज इतका भरून आला की मी मध्ये काही बोलले नाही.

मग मी त्याला फक्त एवढंच म्हटलं, "वाक्य चांगलं आहे. आता पूर्णविरामाच्या जागी स्वल्पविराम दे आणि ‘आणि’ लिहून पुढे वाक्य पूर्ण कर. या फॉल्टचे पैसे कोणी भरले?"

तो म्हणाला, "बाबांनीच. त्यांच्या पगारातून."

"पगार कमी पडला की?"

बराच वेळ गेला. खालून भाजीवाल्याची आरोळी येऊन गेली तेवढा वेळ. मग म्हणाला, "आईच्या बांगड्या. दोनदा गहाण पडल्या. दुसऱ्यांदा सुटल्याच नाहीत."

हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणापासून माहीत होतं. पण बाबांचा दिलदारपणा आणि आईच्या बांगड्या या दोन गोष्टी त्याने एका वाक्यात कधी ठेवल्याच नव्हत्या, एक अभिमानाच्या कप्प्यात आणि दुसरी गरिबीच्या कप्प्यात.

तो लगेच बाबांच्या बाजूने उभा राहिला, साहजिक आहे. म्हणाला, "कर्णाने नाही का कवचकुंडलं दिली? माहीत असून दिली." मी म्हटलं दिली, आणि म्हणून आपण अजून त्याला दानशूर म्हणतो. पण त्याच्या कवचावर दुर्योधनाचं अख्खं युद्ध उभं होतं ना? निखिलने यावर काही उत्तर दिलं नाही. मीही मागितलं नाही. फक्त आईला एकदा फोन करून बांगड्यांबद्दल विचार म्हटलं, भांडायला नाही, नुसतं विचारायला.

पुढच्या वेळी आला तो सरळ सांगायलाच लागला. आई म्हणाली होती, "तुझ्या बाबांच्या देण्याचा मला कधी राग नव्हता रे. चार बांगड्या गेल्या त्याचंही नाही. पण एकदा मला विचारायला हवं होतं."

आणि मग त्याने मला जी गोष्ट तोवर सांगितलीच नव्हती ती सांगितली. दोन वर्षांपूर्वी गावाकडच्या मावसभावाला टेम्पो घ्यायचा होता, तिथल्या पतसंस्थेत कर्जाला निखिल जामीनदार राहिला. भावाने फोन केला, ‘फक्त सही लागतीय रे’, हा शनिवारी गेला, सही करून आला. घरी सांगितलं नाही. भावाचे हप्ते थकले आणि नोटीस थेट पुण्याच्या घरी आली, ती बायकोने फोडली. तिला तेव्हा कळलं. म्हणजे नोकरीतल्या त्या एका ओळीने झोप उडवली म्हणून आलेला माणूस, पण घरात चार महिने बायको त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

"मीही विचारलं नव्हतं," तो म्हणाला. "तेच वाक्य आहे मॅडम. फक्त नावं बदलली."

मी इतकी वर्षं हे काम करतेय आणि असे क्षण वर्षात दोन-तीनच येतात. मी त्याला हे सांगितलं असतं तर त्याने ऐकून घेतलं असतं, थँक्यू म्हणाला असता आणि सोमवारी पुन्हा कोणाची तरी शिफ्ट घेतली असती. ते त्याच्या तोंडून आलं, त्याच्याच वाक्यातून आलं, म्हणून टिकलं.

आणि मलाही त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली जी मी तोवर अर्धवटच धरून होते. अशा माणसांना आपण सगळे काय सांगतो? अति तेथे माती. भीड भिकेची बहीण. म्हणी खोट्या नाहीत, पण त्यांचा उपयोग होत नाही, कारण अति कुठे सुरू होतं ते कोण मोजणार? देणाऱ्याला तर आपण नेहमी कमीच दिलं असं वाटत असतं. मला आता वाटतं की मोजायचं असेल तर किती दिलं ते मोजू नये, कोणाच्या वाट्यातून दिलं आणि त्या माणसाला विचारलं का हे बघावं. तुमचा वेळ, तुमचे पैसे, तुमची झोप तुम्ही द्या, आनंदाने द्या. पण मुलीच्या गॅदरिंगची संध्याकाळ ही फक्त तुमची नसते.

आता विचारांचं थोडं. मी विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या पद्धतीने काम करते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत ती सुरू केली आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ती मराठी माणसापर्यंत पोचवली, त्यांच्यामुळे माझ्यासारख्या कितीतरी जणांना ही भाषा मिळाली. त्यात सगळा भर इच्छा आणि हट्ट यांच्यातल्या फरकावर आहे, आणि मराठीत हा फरक एका अक्षरात मावतो, तो म्हणजे ‘च’. लोकांना मी चांगला वाटावा, ही इच्छा. मी सगळ्यांना चांगला वाटलोच पाहिजे, हा हट्ट. निखिलला मी विचारलं होतं, भावाला नाही म्हणाला असतास तर काय झालं असतं?

"त्याला वाईट वाटलं असतं."

"मग?"

"गावात म्हणाला असता, हा पुण्याला जाऊन माजला."

"मग?"

"मग... मी बाबांचा मुलगा राहिलो नसतो."

तिथे होता तो ‘च’. बाबांचा मुलगा असणं हे प्रत्येक फोनवर नव्याने सिद्ध करायचं, असं जगत होता तो. मी त्याला म्हटलं, तुझ्या जन्माच्या दाखल्यावर अट लिहिलेली नाही.

ज्यांना हे वाचताना आपलंच वाटतंय त्यांच्यासाठी काही गोष्टी, ज्या मी जवळजवळ सगळ्यांनाच सांगते. ‘बघतो’ म्हणणं बंद करा. आपल्या मराठीत ‘बघतो’, ‘करू काहीतरी’ हे बोलणारा नाही म्हणून म्हणतो आणि ऐकणारा हो म्हणून ऐकतो, आणि दोघंही खरं बोलत असतात. त्याऐवजी ‘घरी बोलून उद्या संध्याकाळी सांगतो’ म्हणा आणि उद्या संध्याकाळी खरंच सांगा. यात विचारायची जागाही आपोआप तयार होते. नकार द्यायचा तर ‘या वेळी जमणार नाही’ एवढंच म्हणा, कारणं देत बसू नका, कारण तुम्ही तीन कारणं दिली की समोरचा तिन्ही सोडवून देतो आणि मग तुम्ही अडकता. सुरुवात लहान नकारापासून करा, पहिलाच नकार सख्ख्या भावाला देऊ नका. आणि नकार दिल्यावर पोटात कालवाकालव होईल, अपराधी वाटेल, ते वाटू द्या. वाटलं म्हणून लगेच परत फोन करून हो म्हणू नका. बहुतेकांना पहिल्या चार-पाच वेळाच ते फार जड जातं असं मी बघितलंय.

जामिनाबद्दल वेगळं सांगते कारण ‘फक्त सही’ या दोन शब्दांनी मी फार घरं हललेली बघितलीत. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी भावाकडून वसूल करा मग माझ्याकडे या, असं सहसा म्हणता येत नाही. पतसंस्था महाराष्ट्राच्या सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करायचा अधिकृत आदेश, मागते तेव्हा त्यात जामीनदाराचंही नाव घालू शकते. मदत करायचीच असेल तर जेवढी रक्कम परत आली नाही तरी नातं टिकेल तेवढी, घरात विचारून, हातात द्या. ते जास्त प्रेमाचं आहे.

आणि अप्रेझलमध्ये ही ओळ आली असेल तर मॅनेजरला शांतपणे विचारा की हे लिहिताना तुमच्या डोळ्यासमोर कोणता प्रसंग होता. निखिलने विचारलं. मॅनेजर म्हणाले, "तू दुसऱ्यांचे बग सोडवत बसतोस आणि त्या दोन ज्युनियर पोरांना कधी शिकायलाच मिळत नाही." त्याचं तर याच्याकडे लक्षच नव्हतं. मला हे ऐकून फार बरं वाटलं, कारण ‘कोणाच्या वाट्यातून’ हा प्रश्न ऑफिसातही तसाच लागू पडला.

बायकोशी बोलणं सोपं नव्हतं. दोघांना मी एकदा एकत्र भेटले, तेव्हा ती म्हणाली मला त्याचा स्वभाव बदलायला नकोय, मी त्यालाच बघून लग्न केलंय, मला फक्त नोटिशीतून कळायला नको. आता थकलेल्या हप्त्यांचं दोघांनी मिळून ठरवलंय, निम्मे हे भरतात, निम्मे भाऊ, आणि ते तिघांनी एका कागदावर लिहून घेतलंय. भाऊ अजून नीट बोलत नाही.

मागच्या महिन्यात त्याच भावाच्या बहिणीचं लग्न होतं. निखिल गेला. नेहमीसारखा वाढायला उभा राहिला, पहिली पंगत त्यानेच वाढली, जिलबीचं ताट घेऊन आग्रह करत फिरला. मग कोणीतरी ओरडलं, निखिल, दुसऱ्या पंगतीला भात घे. त्याने मला मेसेज केला तो असा, ‘वाढपी तीन होते. ताट ठेवलं आणि बायको-मुलीच्या शेजारी जाऊन बसलो. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा आम्ही एकत्र जेवलो पंगतीत. मुलगी म्हणाली बाबा तुला भूक लागते?’