अमेरिकेहून आलेली कार सीट इंदूरच्या गाडीत का हलते

म्हणजे भावाने न्यू जर्सीहून भाचीची जुनी, बाळाला गाडीत बसवायची सीट आणली, दुकानवाल्या भियाने पाच मिनिटांत बसवून दिली, बाळ ८ महिन्यांचं आहे, सीटला हात लावला की लोळते, आणि दिवाळीला पुण्याला जायचंय म्हणून तू विचारतेयस की इंदूरात हे कोण चेक करून देईल. अगं, चेक तूच करायचंयस. अमेरिकेत यासाठी ट्रेनिंग घेतलेले लोक असतात, माझ्या नणंदेने तिकडे करून घेतलं तर त्या बाईने सीटला हातसुद्धा लावला नाही, हिच्याकडूनच तीनदा काढून तीनदा बसवून घेतली, कारण रोज वापरणार ही.

आमची पहिली सीटपण दुकानातूनच बसवून आली होती. तीन महिने मी निवांत. मग महूच्या रस्त्यावर गाय आडवी आली, ह्यांनी करकचून ब्रेक मारला आणि सीट पोरासकट एका बाजूला कलंडली. पोराला काही झालं नाही पण त्या रात्री मी मॅन्युअल पहिल्यांदा उघडलं, तोपर्यंत ते प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरच आलं नव्हतं.

तुझ्या केसमध्ये मला आधी बेल्टवरच संशय आहे. तिकडे १९९६ च्या मॉडेलपासून गाड्यांचे मागचे बेल्ट सीटसाठी लॉक करता येतात, आणि बऱ्याच अमेरिकन सीट ते गृहीत धरून बनवलेल्या असतात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा बेल्ट फक्त झटका बसला की अडकतो, एरवी हळू ओढला की सैल होत जातो. टेस्ट सोपी आहे, बेल्ट पूर्ण शेवटपर्यंत बाहेर ओढ आणि हळूहळू आत जाऊ दे. जाताना कट कट कट आवाज आला आणि मध्येच ओढल्यावर बाहेर आला नाही तर तो लॉक होणारा आहे. आवाज नाही, सरसर येतोय-जातोय, तर तो नुसता झटक्याचा, आणि दुकानवाल्याने कितीही गुडघा टेकून आवळला तरी दोन दिवसांत ढिला होणारच.

मग काय करायचं? सीटवर बेल्ट जातो त्या वाटेत चिमट्यासारखा क्लॅम्प आहे का बघ, असेल तर बेल्ट आवळून तो बंद करायचा, काम झालं. नसेल तर सीट उलटी करून तळाशी बघ, कधीकधी एच अक्षराच्या आकाराची पोलादी क्लिप तिथेच अडकवलेली असते, ती बकलच्या जिभेपासून इंचभर अंतरात दोन्ही पट्टे (कमरेचा आणि खांद्याचा) एकत्र धरून लावायची. किंवा गाडीत आयसोफिक्स (बेल्टशिवाय सीट थेट गाडीला अडकवायची सोय) असेल तर मागच्या सीटची पाठ आणि बैठक मिळते त्या फटीत बोटं घाल, दोन जाड दांड्या लागतील. अमेरिकन सीटचे पट्टेवाले हुक त्यांना अडकतात. पण हुक आणि बेल्ट दोन्ही एकदम लावू नकोस, मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तरच. दुप्पट सेफ होतं असं वाटतं, तसं नसतं.

आवळल्यावर सीट वरून धरून हलवू नकोस, वरून ती थोडी हलणारच. बेल्ट किंवा हुक जिथून जातो तिथे धरून हलव. इंचापेक्षा जास्त सरकली तर परत.

८ महिन्यांचं आहे तर तोंड मागच्या बाजूलाच. सासूबाई म्हणतील पाय दुमडले, माझ्या म्हणाल्याच होत्या, "लेकराला जखडून ठेवलंय". पाय दुमडून पोरं मजेत बसतात, मांडी घालतात. डोकं जड, मान कोवळी, समोरून धक्का बसला तर पाठीचा टेकाच मान सांभाळतो. युरोपच्या नव्या नियमात १५ महिन्यांच्या आत पुढे तोंड करताच येत नाही. सीट जितकं वजन-उंची घेते तितके दिवस उलटीच ठेव. आणि पुढच्या सीटवर तर अजिबात नाही, समोर एअरबॅग आहे, ती फुटली तर सीटच्या पाठीवरच आदळेल.

बाळाच्या अंगावरच्या पट्ट्यांचं म्हणशील तर उलटं तोंड असताना ते खांद्याच्या बरोबरीने किंवा किंचित खालून यायला हवेत, छातीची क्लिप काखेच्या रेषेत (पोटावर नाही, सगळे पोटावर लावतात), आणि खांद्याजवळ पट्टा चिमटीत धरायला गेलं तर घडी पडायला नको. सीट किती मागे कललेली हवी ते दाखवणारी खूण सीटच्या बाजूला असते, ती सपाट जागी बघ, आमच्या सुदामा नगरच्या गल्लीत उतार आहे तर मी बाहेर मेन रोडवर जाऊन बघितली, लोक बघत होते, बघू दे.

भावाला दोन गोष्टी विचार. अपघात झालेल्या गाडीतली तर नाही ना, आणि बनवल्याची तारीख काय. मागे स्टिकर असतं, प्लॅस्टिकवर शिक्कापण असतो, मुदत संपायची तारीखही बऱ्याचदा तिथेच लिहिलेली असते. मुदत गेली असेल तर मामाचं प्रेम बाजूला ठेव आणि इथे नवी घे, खोक्यावर आपल्या एआयएस ०७२ चा (मुलांच्या सीटचं भारतीय मानक) किंवा युरोपच्या ई वाल्या गोल खुणेचा शिक्का बघून. कायद्याचं म्हणशील तर १४ च्या आतल्या मुलाला बेल्ट किंवा सीट नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीपासून १००० रुपये दंड आहे. मी तरी त्यासाठी कुणाला अडवलेलं पाहिलं नाही, पण दंडासाठी कोण करतंय.

दिवाळीच्या साफसफाईत गाडी धुवायला दिली की सीट काढतात आणि आपल्या मनाने परत ठेवून देतात, निघायच्या आदल्या दिवशी परत चेक कर. दर दोन तासांनी थांबा, बाळाला बाहेर काढा. सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटात रडायला लागलं तर घाट संपून नीट जागा मिळेपर्यंत रडू दे, मांडीवर घेऊ नकोस.

आधी ती कट कट वाली टेस्ट कर आणि इथे सांग. बकलच्या बाजूचा वरून काढलेला फोटोपण टाक, दुकानवाल्याने पट्टा कुठून घातलाय ते दिसेल.